ल्युपस : दुखण्याची वाट पाहू नये

ल्युपसची ओळख बहुतेकांना चेहऱ्यावरच्या चट्ट्यांमुळे होते. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली लाली, उन्हात गेले की तिचे वाढणे, सकाळी आखडलेले सांधे, गळणारे केस, वारंवार तोंड येणे आणि काही केल्या न जाणारा थकवा. ही लक्षणे त्रास देतात, म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे येतो. पण ल्युपसमध्ये जे जिवावर बेतते ते बहुधा यांतले काहीच नसते. मूत्रपिंडातल्या गाळण्यांना सूज येते तेव्हा कंबर दुखत नाही, लघवीला जळजळ होत नाही, तापही असतोच असे नाही. गोळ्यांनी सांधे मोकळे झाले की आजार आटोक्यात आला असे घरच्यांना वाटू लागते. नेमक्या त्याच महिन्यांत किडनी मुकाट्याने खराब होत असू शकते. पाय सुजून चप्पल घट्ट होऊ लागते तोवर बरेच काही हातचे गेलेले असते.

म्हणून ल्युपसच्या बाबतीत एक गोष्ट डॉक्टर, रुग्ण आणि आरोग्य व्यवस्था या तिघांनीही मनावर घ्यायला हवी. या आजाराच्या गुंतागुंती लक्षणांची वाट पाहून सापडत नाहीत, त्या शोधाव्या लागतात. दिलासा देणारी बाब अशी, की या शोधाची सुरुवात ज्या तपासणीने होते ती महागडी नाही आणि तिला मोठे यंत्रही लागत नाही. ती तपासणी आहे लघवीची.

निदान एकदा, पाळत आयुष्यभर

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींना परके समजू लागते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यातून त्वचा, सांधे, रक्तपेशी, किडनी, हृदय, फुप्फुसे, मेंदू यांपैकी कुठेही दाह सुरू होतो. हा ल्युपसचा थोडक्यात परिचय. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यांची हीच वर्षे. पुरुषांत तो कमी आढळतो, पण आढळला तर किडनीला धोका कमी असतो असे मुळीच नाही.

या आजाराच्या निदानाला प्रयोगशाळेचा आधार मिळाला तो १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विशिष्ट पेशी दिसली. दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली ही पेशी पुढे ‘एलई सेल’ म्हणून ओळखली गेली. आज तिची जागा ‘एएनए’ या रक्ततपासणीने घेतली आहे. पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत का, हे ती सांगते. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या वर्गीकरणात एएनए हे प्रवेशद्वार आहे. ती एकदाही पॉझिटिव्ह आलेली नसेल तर या निकषांत रुग्ण बसत नाही.

पण प्रवेशद्वार म्हणजे घर नव्हे. एएनए १:८० या पातळीवर तपासली तर निरोगी माणसांपैकीही सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघतात. त्यामुळे नुसता हा अहवाल हातात घेऊन ‘मला ल्युपस झाला’ म्हणून खचण्याचे कारण नाही. उलट बाजूने पाहिले तर निदान पक्के झाल्यावर दर काही महिन्यांनी एएनए पुन्हा करण्यातही अर्थ नाही. आजार वाढला की ती वाढते आणि शमला की उतरते, असे होत नाही. तरीही अनेक रुग्णांच्या फायलीत एएनएचे चार-पाच अहवाल असतात आणि लघवीतल्या प्रथिनांचा एकही नसतो. पैसे खर्च झालेले असतात, पण ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो प्रश्नच विचारला गेलेला नसतो.

निदानाच्या तपासण्या आणि पाळतीच्या तपासण्या वेगळ्या असतात, हे इथे लक्षात घ्यावे. पाळतीसाठी उपयोगी पडतात त्या मोजक्या आहेत : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची मोजणी, क्रिएटिनिन, रक्तातली सी-३ आणि सी-४ ही पूरक प्रथिने, डीएस-डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे, रक्तदाब, आणि या सगळ्यांच्या आधी लघवी. आजार उसळी घेतो तेव्हा बऱ्याच रुग्णांत सी-३ आणि सी-४ उतरतात, कारण दाहात ती खर्ची पडतात. डीएस-डीएनएची प्रतिपिंडे मात्र चढतात. सगळ्यांत असे होतेच असे नाही. म्हणून एकाच आकड्यावर न जाता त्याच रुग्णाचे मागचे आकडे शेजारी ठेवून पाहणे महत्त्वाचे. जुनी फाईल सोबत नेणे हा त्या अर्थाने तपासणीचाच भाग आहे.

लघवी जे सांगते

ल्युपसच्या प्रौढ रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना कधी ना कधी किडनीचा दाह होतो. अशा रुग्णांपैकी १० ते ३० टक्क्यांची किडनी पुढे पूर्ण निकामी होऊन डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते. अमेरिकी गायिका सेलेना गोमेझ हिने २०१७ मध्ये ल्युपसमुळे किडनी प्रत्यारोपण करून घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या तरुण मुलींनी या आजाराचे नाव बहुधा पहिल्यांदा ऐकले. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

निरोगी किडनी प्रथिने रक्तातच राखते. गाळणीला सूज आली की ती लघवीत उतरू लागतात आणि लघवीला फेस येतो. पट्टी बुडवून होणारी साधी तपासणी ही गळती ओळखते. पण लघवी पातळ असली तर पट्टी फसते, घट्ट असली तर उगाच घाबरवते. म्हणून लघवीतल्या प्रथिनांचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा एक नमुना त्याला पुरतो. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याचा खटाटोप त्यामुळे बऱ्याच वेळा टळतो. हे गुणोत्तर ०.५ च्या वर गेले, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा ग्रॅमहून अधिक प्रथिने जाऊ लागली, तर किडनीत काय चालले आहे याचा पुढचा शोध घ्यायलाच हवा.

लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणेही तितकेच मोलाचे. लाल पेशी मूळ आकार हरवून वेड्यावाकड्या झालेल्या असतील किंवा लाल पेशींचे नळीसारखे साचे दिसत असतील, तर रक्त मूत्राशयातून नव्हे, थेट गाळण्यांतून येत आहे. हे साचे ताज्या लघवीत दिसतात. नमुना तासन् तास पडून राहिला की विरघळून जातात. पाळीच्या दिवसांत दिलेला नमुना दिशाभूल करतो आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असला तरीही तसेच होते. नमुना घेण्याआधी या दोन गोष्टी विचारण्याची सवय प्रयोगशाळांनी लावून घ्यायला हवी, आणि कुणी विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे.

क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे म्हणून निर्धास्त राहणे ही सर्वांत मोठी फसगत. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या कृश तरुणीचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.० झाले तरी अहवालात ते चौकटीतच दिसते. प्रत्यक्षात तिच्या किडनीची बरीच क्षमता गेलेली असते. आकडा चौकटीबाहेर पडेपर्यंत जवळपास निम्मी क्षमता संपलेली असू शकते. लघवी ही सूचना कितीतरी आधी देते.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, किडनीचा त्रास नसलेल्या ल्युपस रुग्णानेही दर सहा ते बारा महिन्यांनी लघवीतली प्रथिने तपासली पाहिजेत. आजार अन्य कुठे उसळला तर लगेच. किडनीचा दाह एकदा झाला आणि तो अजून पुरता शमला नसेल तर किमान दर तीन महिन्यांनी, शमला असला तरी दर तीन ते सहा महिन्यांनी. हे वेळापत्रक पाळायला मोठ्या शहरात राहावे लागत नाही. काही शे रुपयांत होणारी ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही शक्य आहे.

बायोप्सीची भीती

लघवीने इशारा दिला की पुढची पायरी किडनीच्या बायोप्सीची, आणि इथेच अनेक घरांत गाडी अडते. ‘किडनीचा तुकडा काढतात’, ‘सुई लागली की किडनी कायमची अधू होते’ अशा समजुतींपोटी महिनोन् महिने निर्णय होत नाही. काही जण तर बायोप्सी म्हणजे कॅन्सरचीच तपासणी असे धरून चालतात.

प्रत्यक्षात काय होते? रुग्णाला पालथे झोपवतात, सोनोग्राफीवर किडनी पाहत पाठीची थोडी जागा बधिर करतात आणि एका बारीक सुईने शेवयीएवढे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे दोन धागे काढतात. त्या दोन धाग्यांत मिळून वीस-पंचवीस गाळण्या येतात. एका किडनीत अशा गाळण्या दहा लाखांच्या आसपास असतात. यावरून काय गमावले आणि काय कळले याचा हिशेब कुणीही करावा. आधी रक्तदाब आटोक्यात आणतात, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळ तपासतात, रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस थांबवतात. नंतर काही तास पाठीवर निजून राहायचे असते. एखाद्या दिवस लघवी लालसर होऊ शकते. रक्तस्राव होऊन रक्त देण्याची वेळ शंभरात एखाद-दोघांवर येते. धोका शून्य नाही, पण दाह ओळखू न येण्याच्या धोक्यापुढे तो लहान आहे.

एवढे करून मिळते काय, तर उपचाराची दिशा. ल्युपसमधल्या किडनीच्या दाहाचे सहा वर्ग मानले जातात. ही विभागणी २००३ ची असून २०१८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. पहिल्या दोन वर्गांत दाह सौम्य असतो आणि किडनीसाठी म्हणून तीव्र औषधांची गरज बहुधा पडत नाही. तिसऱ्या वर्गात निम्म्याहून कमी आणि चौथ्यात निम्म्या किंवा त्याहून अधिक गाळण्या पेटलेल्या असतात. इथे स्टिरॉइडच्या जोडीला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे लागतात आणि ती वेळेत लागतात. पाचव्या वर्गात प्रथिनांची गळती मोठी असते, अंगावर सूज येते आणि रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. सहाव्या वर्गात नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक गाळण्यांचे व्रण झालेले असतात. तिथे तीव्र औषधे किडनी परत आणू शकत नाहीत, फक्त त्यांचे दुष्परिणाम पदरात पडतात.

हे वर्ग रक्त-लघवीच्या आकड्यांवरून खात्रीने ओळखता येत नाहीत. गळती थोडी दिसत असताना बायोप्सीत चौथा वर्ग निघाल्याची उदाहरणे डॉक्टरांना परिचित आहेत. शिवाय बायोप्सी दोन आणखी गोष्टी सांगते : किती भाग अजून पेटलेला आहे, म्हणजे औषधाने वाचण्याजोगा आहे, आणि किती भागाचा व्रण झाला आहे, म्हणजे गेलेला आहे. औषध वाढवावे की थांबवावे, हे यावर ठरते. आजार वर्षांनंतर पुन्हा उसळला तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते. ती पहिल्याच वेळची चूक होती म्हणून नव्हे, तर वर्ग बदललेला असू शकतो म्हणून.

प्लेटलेट फार कमी असतील, रक्तदाब आवरत नसेल किंवा रक्त पातळ करणारे औषध थांबवणे शक्य नसेल तर बायोप्सी लांबवावी लागते. अशा वेळी डॉक्टर उपलब्ध पुराव्यांवर उपचार सुरू करतात, आणि तेच बरोबर आहे. बायोप्सीची तारीख मिळेपर्यंत पेटलेली किडनी तशीच ठेवणे कुणाच्याच हिताचे नाही.

ताप कशाचा?

ल्युपसच्या रुग्णाला ताप आला की डॉक्टरांपुढे कठीण प्रश्न उभा राहतो. हा ताप आजार उसळल्याचा, की जंतुसंसर्गाचा? दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. उसळीला स्टिरॉइड वाढवावे लागते. संसर्गात तेच स्टिरॉइड जंतूंना मोकळे रान देते. दोन्ही चुका जीवघेण्या ठरू शकतात.

इथे काही साध्या तपासण्या मदतीला येतात. उसळीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बहुधा घटतात, सी-३ आणि सी-४ उतरतात. ईएसआर वाढतो, पण सीआरपी त्या मानाने फारसे चढत नाही. सीआरपी खूप चढलेले आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर आधी संसर्ग शोधावा. मात्र छातीच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज असेल तर उसळीतही सीआरपी वाढते, त्यामुळे नियम आंधळेपणाने लावता येत नाही. रक्त आणि लघवीचे कल्चर, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार सीटी स्कॅन यांना पर्याय नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. पावसाळ्यात डेंग्यू पसरतो आणि त्यातही प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटतात. एनएस-१ तपासणी न करता सगळे खापर ल्युपसवर फोडणे धोक्याचे. दुसरा पदर क्षयरोगाचा. स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो, आणि तो फुप्फुसातच असेल असेही नाही. त्यामुळे तीव्र औषधे सुरू करण्यापूर्वी क्षय, हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या करून घेणे हा उपचाराचाच पहिला टप्पा मानला पाहिजे. आणि ताप आला म्हणून रुग्णाने स्टिरॉइड परस्पर बंद करणे किंवा वाढवणे, दोन्ही टाळावे.

गर्भारपणातली परीक्षा

ल्युपस असलेल्या स्त्रीने आई होऊ नये, हा समज आता मागे पडला आहे. आजार किमान सहा महिने शांत असेल, किडनी ठीक असेल आणि गर्भाला घातक ठरणारी औषधे, विशेषतः मायकोफेनोलेट, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधीच बदललेली असतील तर बहुतेक गर्भारपणे सुखरूप पार पडतात. पण त्यासाठी काही तपासण्या दिवस राहण्यापूर्वीच व्हायला हव्यात.

पहिली, फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची. यांच्यामुळे पायाच्या शिरांत, मेंदूत किंवा वारेत रक्ताच्या गाठी होतात. पुन्हा पुन्हा गर्भपात होण्यामागे हे एक कारण असते. ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’, ‘अँटिकार्डिओलिपिन’ आणि ‘अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन’ अशा तीन तपासण्या असतात आणि पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते, कारण एखाद्या संसर्गानंतर त्या काही काळ उगाच पॉझिटिव्ह येतात. कारण सापडले तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या मदतीने पुढचे गर्भारपण टिकण्याची शक्यता चांगली वाढते.

याच प्रतिपिंडांचा एक सामाजिक चटका आहे. गर्भवतींची व्हीडीआरएल तपासणी सर्रास होते; ती गुप्तरोगाच्या, म्हणजे सिफिलिसच्या शोधासाठी. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीची ही तपासणी सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. अहवाल घरात पोहोचतो आणि तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. टीपीएचए ही पक्की तपासणी करून हा घोटाळा दूर करता येतो. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह पण टीपीएचए निगेटिव्ह असेल तर ल्युपसचा आणि या प्रतिपिंडांचा विचार व्हायला हवा, हे प्रत्येक प्रसूतिगृहात ठाऊक असले पाहिजे. आणि टीपीएचएचा निकाल हाती येण्याआधी नातेवाइकांपुढे शब्द उच्चारू नये, एवढे भान तर अभ्यासक्रमाशिवायही अपेक्षित आहे.

दुसरी तपासणी ‘अँटि-आरओ’ प्रतिपिंडांची. ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. अशा मातांच्या शंभरांतल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावतात. म्हणून सोळा-अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या हृदयाची इको तपासणी सुचवली जाते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवल्याने हा धोका कमी होतो. ‘मलेरियाची गोळी गर्भारपणात कशाला’ म्हणून ती थांबवणे उलटे महागात पडते.

पाच महिन्यांनंतर रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने दोन्ही वाढली तर ते गर्भारपणातले प्रीएक्लॅम्प्सिया की ल्युपसचा किडनीदाह, हा पेच पडतो. लघवीत लाल पेशींचे साचे, वाढलेली डीएस-डीएनए प्रतिपिंडे आणि उतरलेली सी-३, सी-४ ही ल्युपसकडे बोट दाखवतात. गर्भारपणात पूरक प्रथिने एरवी वाढतात, त्यामुळे त्या काळात ‘नॉर्मल’ दिसणारा आकडाही खरा कमी असू शकतो. दिवस राहण्यापूर्वीचे आकडे हाताशी असतील तर हा पेच पुष्कळ सोपा होतो.

बाकीचे अवयव

छातीत श्वास घेताना दुखत असेल तर हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते; ईसीजी, एक्स-रे आणि इको यांतून ते कळते. हृदयाच्या झडपांवर जंतूंशिवाय होणाऱ्या गाठींचे वर्णन लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ मध्येच केले होते; आज इकोमध्ये त्या दिसतात. पण दीर्घकाळात हृदयाला खरा धोका रक्तवाहिन्या लवकर कडक होण्याचा असतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथल्या रुग्णांवर आधारित, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नासपटीहून अधिक आढळले. चाळिशीच्या बाईच्या छातीतल्या दुखण्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून वाटेला लावण्याआधी हा आकडा आठवावा. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची वार्षिक तपासणी तिच्यासाठी चैन नव्हे.

अचानक दम लागणे, हिमोग्लोबिन एकदम उतरणे आणि एक्स-रेवर पांढरे डाग दिसणे हे त्रिकूट फुप्फुसात रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. थुंकीतून रक्त आलेच पाहिजे असे नाही. इथे तासांचा हिशेब असतो.

मेंदूचा प्रश्न अधिक अवघड. झटके, अर्धांगवायू, स्मृतिभ्रम किंवा वागण्यातला एकाएकी बदल यांपैकी काहीही दिसू शकते. एखादी मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागली की घरात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू होते आणि मोलाचे दिवस भलतीकडे जातात. एमआरआय आवश्यक आहे, पण तो ‘नॉर्मल’ आला म्हणून ल्युपस मेंदूत नाही असे होत नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात ते मुख्यतः क्षयासारखा संसर्ग नाही ना हे पाहण्यासाठी. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनेही असे वागणे बदलू शकते, तोही विचार करावा लागतो.

काही गुंतागुंती आजाराच्या नसून औषधांच्या असतात, आणि त्यांचीही पाळत तितकीच गरजेची. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये मात्र दिसते. मांडीच्या सांध्यात दुखत राहिले तर ‘एक्स-रेत काही नाही’ एवढ्यावर थांबू नये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसमधले सर्वांत उपयोगी औषध. दिवसाची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवली तर डोळ्यांना धोका कमी राहतो. पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांची मूळ तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची ओसीटी व दृष्टिक्षेत्राची तपासणी पुरेशी असते. किडनी अधू असेल तर ती आधीच सुरू करावी लागते. भीतीपोटी गोळी सोडणे हा यावरचा उपाय नाही.

कुणी काय करावे

आता प्रश्न व्यवस्थेचा. संधिवाततज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला दर दोन महिन्यांनी तिथे जाणे परवडत नाही आणि परवडावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. तज्ज्ञाची भेट वर्षातून दोनदा झाली तरी चालू शकते. लघवी, रक्तदाब आणि रक्तपेशींची पाळत मात्र गावाजवळच झाली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. या सवलतीचा खरा उपयोग व्हायचा तर प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि ताज्या लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी ग्रामीण रुग्णालयात भरवशाने मिळायला हवी. बायोप्सीचा नमुना साध्या आणि चमकत्या प्रकाशातल्या अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांखाली पाहावा लागतो. ती सोय प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही. पण नमुने योग्य द्रावणात, योग्य वेळेत मोठ्या केंद्राकडे पोहोचवण्याची साखळी उभारता येते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी डायलिसिसची सोय होऊ लागली. ते आवश्यकच होते. पण आठवड्यातून दोन-तीनदा आयुष्यभर चालणाऱ्या डायलिसिससाठी सरकार पैसे देते आणि ते टाळू शकणाऱ्या बाह्यरुग्ण तपासण्यांसाठी रुग्णाने खिशात हात घालायचा, हे गणित उलटे आहे. आरोग्य विमा योजनांचा भर दाखल झालेल्या रुग्णावर असतो. ल्युपसचा रुग्ण दाखल होऊ नये यासाठीच्या तपासण्या त्यात बसवणे माणुसकीच्या आणि तिजोरीच्या, दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे ठरेल.

डॉक्टरांनी करायची गोष्ट छोटी आहे. प्रत्येक रुग्णाच्या हाती एक कार्ड असावे आणि त्यावर लघवीतली प्रथिने, क्रिएटिनिन, रक्तदाब, सी-३, सी-४ आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी. मधुमेही माणसाला जशी आपली साखर पाठ असते, तसे ल्युपसच्या रुग्णाला लघवीतले प्रथिन पाठ असायला हवे. रुग्णांनी आणि घरच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की बरे वाटणे आणि बरे असणे या ल्युपसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मनाला कळते. दुसरी कळायला लघवीची एक छोटी बाटली प्रयोगशाळेत न्यावी लागते. पुढची तारीख कुठली, हे आजच लिहून ठेवावे.